फाइल मागे घेतली, तर पैसे परत द्या : इंदुरातल्या कर्ज सल्लागारांना खुले पत्र

स. न. वि. वि.

इंदुरात कर्ज काढून देण्याचं काम करणाऱ्या आपणा सगळ्यांना हे पत्र आहे. विजयनगरात काचेचं ऑफिस थाटून बसलेल्यांना आहे, तसंच बॅगेत फॉर्म घेऊन सियागंज ते राजवाडा दुकान-दुकान फिरणाऱ्यांनाही आहे. आपल्यातले बरेच जण मराठी आहेत, माझ्या ओळखीचे आहेत, काहींची रिटर्न्स मीच भरतो. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

माझी मागणी अशी आहे. कर्ज मंजूर होण्याआधी ‘फाइल चार्ज’, ‘लॉगिन फी’, ‘कन्सल्टेशन’ अशा नावांनी आपण ग्राहकाकडून जी रक्कम घेता, ती ग्राहकाने काम सुरू व्हायच्या आत फाइल मागे घेतली तर पूर्ण परत मिळाली पाहिजे. काही काम झालं असेल, तर त्यावर खरोखर झालेला खर्च पावत्या दाखवून वजा करा आणि उरलेली रक्कम परत द्या. पावतीच्या तळाशी ‘नॉन-रिफंडेबल’ छापलं की जबाबदारी संपली, हे मला मान्य नाही आणि कायद्यालाही ते सरसकट मान्य नाही.

मी जवाहर मार्गाजवळ बसून छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि कराची कामं करतो. लोकांची बँक स्टेटमेंट्स माझ्या डोळ्यांखालून जातात. त्यांत पाच हजार, आठ हजार, पंधरा हजार अशा रकमा कुणाच्या तरी नावावर गेलेल्या दिसतात. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘ते लोनवाल्याला दिले होते, लोन नाही झालं.’ मग परत आले का? तर नाही. कोणी मागायलाही गेलेलं नसतं. दिले ते गेले, असं लोकांनी धरूनच टाकलेलं असतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्याचे कागद मी स्वतः पाहिले आहेत. सुदामा नगरात शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. पुढच्या खोलीत तीन मशीन, दोन शाळांच्या गणवेशाचं काम. आणखी दोन मशीन आणि एक ओव्हरलॉक घ्यायचं म्हणून त्यांना चार लाखांचं कर्ज हवं होतं. मैत्रिणीच्या ओळखीने एक सल्लागार घरी आले. आठ दिवसांत सँक्शन करून देतो म्हणाले आणि ११,८०० रुपये घेतले. १०,००० फी आणि वर १८ टक्के जीएसटी. सोबत आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट आणि सही केलेले दोन कोरे चेक. पैसे शनिवारी दिले. मंगळवारी भाऊ म्हणाला, मी देतो, कर्ज कशाला काढतेस. ताईंनी लगेच व्हॉट्सॲपवर कळवलं : कर्ज नको, फाइल थांबवा, पैसे आणि चेक परत द्या. उत्तर आलं, ‘मॅडम, फाइल तो लॉगिन हो गई. अब पैसा वापस नहीं होता.’ लॉगिन म्हणजे फाइल बँकेकडे दाखल करणं.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना पैशांपेक्षा त्या कोऱ्या चेकची धास्ती होती. मी आधी पावती मागितली. अर्ध्या पानाची पावती, वर फर्मचं नाव लाल अक्षरांत, मधे रक्कम, आणि तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘फीस किसी भी स्थिति में वापस नहीं होगी’. जीएसटी क्रमांक छापलेला होता. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, मध्य प्रदेशाचे २३, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. दिसायला सगळं बरोबर होतं. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला, तर नोंदणी रद्द झालेली दिसली, आणि तीही पावतीच्या तारखेच्या बरीच आधी. यूपीआयने पैसे कुठे गेले ते पाहिलं. फर्मच्या खात्यात गेलेच नव्हते, एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेले होते.

मग लॉगिनचं पाहिलं. अर्ज आला की बँक किंवा वित्तसंस्था अर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट मागवते, आणि तो कोणी, कधी, किती रकमेच्या कर्जासाठी मागवला याची नोंद रिपोर्टच्या ‘एन्क्वायरी’च्या भागात राहते. लोक सगळ्यालाच सिबिल म्हणतात, पण असे रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आम्ही चारही काढले. पैसे दिल्याच्या तारखेनंतर एकाही संस्थेची चौकशी त्यांत नव्हती. शेवटची नोंद होती ती कधीकाळी घेतलेल्या स्कूटीच्या कर्जाची. फाइल कुठे गेलीच नव्हती. कुठे लॉगिन केली, अर्जाचा क्रमांक काय, हे लेखी विचारलं, तेव्हा काहीच उत्तर आलं नाही.

स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा चेक परत आले आणि दहा हजार परत आले. वरचे अठराशे आले नाहीत. ‘टॅक्स सरकार को चला गया’ असं सांगण्यात आलं. मी आयुष्य या कामात घालवलं आहे, म्हणून या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. ज्याची नोंदणीच रद्द झालेली आहे, त्याने कराच्या नावाने पैसे घेणंच बेकायदा आहे. केंद्रीय जीएसटी (सीजीएसटी) कायद्याचं कलम ३२ तेच सांगतं. आणि ज्यांची नोंदणी चालू आहे, त्यांनाही ही सबब पुढे करता येत नाही. आगाऊ रक्कम घेतली तर रिसीट व्हाउचर द्यायचं, आणि सेवा दिली गेलीच नाही तर रिफंड व्हाउचर काढून पैसे परत करायचे, ही सोय त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. बिल काढून झालं असेल तर कलम ३४ ची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, आहे. भरलेला कर त्यातून वळता होतो. म्हणजे ग्राहकाचे १८ टक्के परत करताना तुमच्या खिशाला झळ लागत नाही. कर गेला म्हणून पैसे गेले, असं यापुढे कोणी ग्राहकाला सांगू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

आता आपण नेमके कोणाचे, हा प्रश्न. ग्राहकाच्या घरी येताना आपण म्हणता, ‘मी अमुक बँकेकडून आलोय.’ पैसे परत मागितले की म्हणता, ‘मी स्वतंत्र सल्लागार आहे, बँकेचा काही संबंध नाही.’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

आपण एखाद्या बँकेचे किंवा एनबीएफसीचे (बिगर-बँक वित्तसंस्थेचे) नेमलेले डीएसए, म्हणजे कर्जाचं गिऱ्हाईक आणून देणारे एजंट असाल, तर कर्ज वाटप झालं की आपल्याला तिथून पेआऊट, म्हणजे कमिशन, मिळतो. मग त्याच फाइलचे पैसे ग्राहकाकडून कशासाठी? ॲपवरून किंवा ऑनलाइन दिल्या जाणाऱ्या कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ लाच स्पष्ट केलं आणि २०२५ च्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांत पुन्हा सांगितलं, की मध्यस्थाची फी कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यायची, कर्जदाराकडून घ्यायची नाही. अशा संस्थांनी आपल्या मध्यस्थांची यादी वेबसाइटवर लावायची असते. त्याशिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जं आणि छोट्या उद्योगांची मुदत कर्जं यांच्यासाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. ग्राहकाला समजेल अशा भाषेत व्याज, फी, इतर आकार सगळं त्या कागदावर हवं. त्यात नसलेला आकार कर्जाच्या मुदतीत ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आपली फाइल फी त्या कागदावर असते का? मी पाहिलेल्या एकाही कागदावर नव्हती.

बँकेने नेमलेल्या एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेवर असते, हे रिझर्व्ह बँकेचं जुनंच धोरण आहे. त्यामुळे अशा प्रकरणात ग्राहकाने आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यायची, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. ती तक्रार ऑनलाइन होते, फुकट होते, वकील लागत नाही. शाखेतल्या मॅनेजर साहेबांनीही हे वाचावं. आपल्या टेबलासमोरच्या खुर्चीत दिवसभर बसणारा माणूस कोण आणि तो लोकांकडून काय घेतो, हे त्यांना ठाऊक असायला हवं.

आपण कुठल्याच बँकेचे नसाल, खरोखर स्वतंत्र असाल, तर लोकपाल आपल्यापर्यंत पोचत नाही, हे खरं आहे. पण मग आपण ग्राहकाला सेवा विकणारे आहात आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्याला लागू होतो. पैसे घेऊन काम न करणं ही सेवेतली त्रुटी. पावती न देणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा. ग्राहकावर अवाजवी आकार किंवा अट लादणारा करार तिथे ‘अनुचित करार’ ठरतो, आणि त्या मुद्द्यावर भोपाळच्या राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. साधी पैसे परत मिळण्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे फी नाही, आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. आपलं ऑफिस नोएडात असलं तरी ताईंना इंदूर सोडावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

यावर काही जण म्हणतात, ‘हे बिझनेस लोन, ही ग्राहकच नाही.’ हे अर्धवट वाचलेलं आहे. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्याने वगळली आहे, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेल्या वस्तूंचा वापर व्यापारी हेतूत मोडत नाही, असा खुलासा त्याच कलमाखाली दिला आहे. त्यात शब्द वस्तूंचा आहे, पण पोटासाठी घेतलेल्या सेवेलाही तोच न्याय लागावा असं माझं म्हणणं आहे. तीन मशीनवर गणवेश शिवणारी बाई माझ्या मते ग्राहकच, आणि सांवेर रोडला एक लेथ चालवणारा माणूसही.

तरीही आपल्याकडे एक उणीव आहे. दलालाची फी किती असावी आणि कर्ज न झाल्यास किती परत करावी, असा थेट आकडा आपल्या कायद्यात मी पाहिलेला नाही. ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम १५५ म्हणतं, की दलालाने ओळख करून दिल्यापासून सहा महिन्यांत कर्जाचा करार झाला नाही, तर पाच पौंडांवरची फी ग्राहकाला परत मागता येते. कर्ज का झालं नाही, ग्राहकाने मन बदललं की बँकेने नाकारलं, याची उठाठेव नाही. आणि म्हणून तिथले दलाल उपाशी मेले असं काही झालेलं नाही. आपल्याकडे असा नियम यावा म्हणून मी रिझर्व्ह बँकेला वेगळं पत्र लिहिणार आहे. पण तो येईपर्यंत आपण स्वतःहून तसं वागायला कोणाची आडकाठी आहे?

आपली बाजू मला ठाऊक नाही असं नाही. घरावर कर्ज काढायचं म्हटलं की रजिस्ट्रीची जुनी साखळी, नामांतरण, डायव्हर्शन (जमिनीचा वापर बदलल्याचा कागद), नगर निगमची पावती हे सगळं गोळा करताना पाय दुखतात. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाच्या सर्च रिपोर्टचे पैसे, व्हॅल्युअरची फी हे कधी कधी आपण खिशातून भरता, आणि मग ग्राहक दुसरीकडे अर्धा टक्का कमी मिळतोय म्हणून निघून जातो. त्या वेळी राग येणं साहजिक आहे. असा खर्च जरूर कापा. वकिलाची पावती जोडा, व्हॅल्युअरची जोडा, आपल्या फेऱ्यांचे पैसे घ्यायचे असतील तर तेही आधी लिहून दिलेल्या दराने घ्या. कोणीही समंजस माणूस त्याला नाही म्हणणार नाही. मात्र मालमत्तेच्या फाइलला लागणारी मेहनत दाखवून चार झेरॉक्सच्या फाइलचे दहा हजार ठेवून घेणं बरोबर नाही.

सुदामा नगरच्या त्या ताईंचा स्वतःचा नियम काय आहे, ते मी विचारलं. ब्लाउजसाठी कोणी ॲडव्हान्स दिला आणि कापडाला कात्री लागायच्या आत नको म्हटलं, तर पूर्ण पैसे परत. कात्री लागली असेल तर कटिंगचे घेऊन बाकीचे परत. हा नियम त्यांना कोणत्या कायद्याने शिकवलेला नाही, आणि त्यांचं गिऱ्हाईक त्यामुळे तुटलेलं नाही.

रद्द करण्याबाबत आणखी एक गोष्ट, आणि ती पैशांपेक्षा कमी महत्त्वाची नाही. ग्राहकाने फाइल मागे घेतली की ती खरोखर थांबली पाहिजे. मी असे रिपोर्ट पाहिले आहेत, ज्यांत नको म्हटल्यानंतरही एकाच आठवड्यात वेगवेगळ्या वित्तसंस्थांच्या चौकशा पडलेल्या आहेत. कुठे तरी लागेल म्हणून आपण फाइल सगळीकडे पाठवता. प्रत्येक चौकशीची नोंद राहते, थोड्या दिवसांत अनेक झाल्या की स्कोअर खाली येतो, आणि पुढे त्या माणसाला खरंच घरासाठी कर्ज हवं असतं तेव्हा बँकेचा अधिकारी विचारतो, ‘इतक्या ठिकाणी का मागितलंत?’ त्याने मागितलेलंच नसतं. तेव्हा रद्द करणं म्हणजे फाइल थांबवणं, कोरे चेक आणि मूळ कागद परत देणं, कुठे कुठे अर्ज गेला होता त्याची यादी लेखी देणं, आणि फोनमधल्या आधार-पॅनच्या प्रती काढून टाकणं हे सगळं आलं. आणि मुळात कर्ज मंजूर व्हायच्या आधी सही केलेले कोरे चेक मागूच नका. त्यांची दलालाला काही गरज नसते.

माझं आपल्याला सांगणं आहे, की पैसे घेण्याआधी ग्राहकाच्या हातात एक पान द्या, मराठी किंवा हिंदी, त्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. आपण कोणत्या बँकेचे आहात की कोणाचेच नाही, फी किती, ती कशाची, मागे घेतल्यास किती दिवसांत किती परत, एवढं त्यावर असावं. पैसे फर्मच्या खात्यात घ्या. परत करायची मुदत पंधरा दिवस ठेवा, मला ती पुरेशी वाटते. आपल्यातल्या दोघांनी हे सुरू केलं आहे. त्यातला एक जण तर कर्जाचं वाटप झाल्यावरच फी घेतो. त्याच्याकडे काम कमी नाही, उलट माझ्याकडचे लोक मी त्याच्याकडेच पाठवतो.

ज्यांचे पैसे अडकले आहेत, त्यांनी फोनवर भांडत बसू नये. रद्द करतोय हे तारीख घालून लेखी कळवावं, पावती आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा, अर्ज कुठे लॉगिन झाला त्याचा क्रमांक मागावा, आणि आपला क्रेडिट रिपोर्ट काढून पाहावा. उत्तर आलं नाही तर १९१५ वर तक्रार नोंदवावी, पुढे ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात जावं. कोणी चेक अडवून धमकावत असेल तर पोलिसांकडे जावं, आणि मंगळवारी कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईतही अर्ज द्यावा. हे मी आपल्यासमोर उघडपणे लिहितो आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगणार आहे.

रद्द करण्याच्या आणि पैसे परत मागण्याच्या पत्राचा मराठी-हिंदी नमुना मी तयार केला आहे. ज्याला हवा त्याने दुकानातून घेऊन जावा, पैसे नाहीत. आपल्यापैकी कोणाला ग्राहकाला द्यायचं ते एक पान तयार करून हवं असेल, तर तेही मी बसून लिहून देईन, त्याचेही पैसे घेणार नाही. संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो. आणि ज्या सल्लागारांकडे ताईंचे अठराशे रुपये आहेत, त्यांनी ते त्यांच्या खात्यात टाकावेत. खाते क्रमांक त्यांच्याकडे आहेच. या महिनाअखेरपर्यंत वाट पाहू, त्यानंतर जिल्हा आयोगातला अर्ज तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जवाहर मार्गावरचा एक कर सल्लागार, इंदूर